भिगवणची मासळी आणि पाण्याखालचं गाव

दौंडला समुद्र नाही. समुद्र आपला सह्याद्रीच्या पलीकडे. तरीसुद्धा आमच्याकडे पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी हमखास विचारतो, "काय सर, मासे खायला भिगवणला कधी न्यायचं?" पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही विचारा, भिगवण म्हटलं की मच्छी थाळी आठवते. आणि ही मासळी येते ती उजनीच्या पाण्यातून.

मागच्या डिसेंबरात आम्ही डी.एड.चे चार मित्र एका रविवारी तिथे जेवायला गेलो. एक शिरूरचा, एक वरवंडचा, मी दौंडचा आणि चौथा धरणग्रस्त गावातला. चौघेही शिक्षक. वरवंडचा मित्र माळकरी. तुकोबांची पालखी त्याच्या दारावरून जाते, त्यामुळे मासळीचा प्रश्नच नाही. तो म्हणाला, "तुम्ही मासे खा, मी पिठलं-भाकरी खातो. गप्पा तर सगळ्यांना चालतात ना?"

कुरकुंभ, मळद, रावणगाव, स्वामी चिंचोली करत तासाभरात पोचलो. हॉटेल जुनं, पत्र्याचं छत, मागच्या बाजूला थेट पाणी दिसतं. लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. हिवाळ्यात ते भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात येतात आणि त्यांना बघायला पुण्या-मुंबईची माणसं पहाटे होडीत बसतात.

आम्ही चिलापी फ्राय, मरळीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी मागवली. इथला रस्सा कोकणासारखा नारळाचा नाही. लसूण, कोथिंबीर, काळा मसाला, वर तेलाचा लाल तवंग. पहिल्या घासाला नाक वाहायला लागतं. मरळीला काटे कमी, म्हणून लहान मुलांना तीच द्यावी. रोहूला मात्र मांसात बारीक दुहेरी काटे असतात, सावकाश खावा लागतो. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून बाजारात ती पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत दिसते.

जेवता जेवता शिरूरच्या मित्राने विचारलं, "चिलापी आपली का रे?" नाही. ती मूळची आफ्रिकेतली. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लंही धोका दिसला की आईच्या तोंडात शिरतात. त्यामुळे तिची वाढ भराभर होते. रोहू आणि कटला हे गंगेच्या खोऱ्यातले. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची सहजासहजी पैदास होत नाही, त्यांचं बीज आणून सोडावं लागतं. म्हणजे आमच्या ताटात भीमेच्या पाण्यात वाढलेले, पण लांबून आलेले पाहुणेच जास्त होते. बारीक छिद्रांच्या जाळ्यांनी पिल्लंही उचलली गेली, तर उद्या पाहुणेही राहणार नाहीत, हे तिथला कुणीही जुना मच्छीमार सांगतो.

मग पाण्याचा विषय निघाला. भीमा निघते भीमाशंकरला. पुण्याची मुळा-मुठा तिला मिळते ती शिरूर-दौंडच्या शिवेवर, रांजणगाव सांडसला. शिरूर म्हणजे घोडनदी, तिथली घोडही पुढे भीमेतच येते. शहराचं सांडपाणीही याच वाटेने उजनीत उतरतं. माळकरी मित्र हसत म्हणाला, "म्हणजे पुण्याने हात धुतले की ते पाणी तुमच्या रश्शात!" आम्ही हसलो, पण घास जरा जड झाला.

चौथा मित्र इतका वेळ गप्प होता. त्याने फक्त भाकरी आणि कांदा घेतला होता. मी म्हटलं, "अरे, मासा का नाही घेत?" तो म्हणाला, "मी खातो रे. पण इथला नाही. आई कधीच उजनीचा मासा घरात आणू देत नाही. ती म्हणते, आपल्या घरावरचं पाणी प्यायलेला मासा आहे तो."

टेबलावर एकदम शांतता पसरली.

उजनीचं काम १९८० साली पूर्ण झालं. भीमेवरचं हे धरण भरलं की सुमारे ११७ टीएमसी पाणी साठतं. फुगवट्याचं पाणी इंदापूर, करमाळा, कर्जत आणि आपल्या दौंड तालुक्यापर्यंत आलं. कितीतरी गावं उठली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यात गेलं, ते आजही कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. डिकसळला १८५८ सालीच रेल्वे पोचली होती. धरण आलं आणि लोहमार्गालाही जागा बदलावी लागली. जुना रेल्वेपूल मग रस्त्याच्या कामाला आला. माणसांसाठी मात्र अशी सोय सोपी नव्हती. काहींनी नव्या गावठाणात घरं बांधली, काही लांब गेले. पिढ्यान् पिढ्या नांगर धरलेल्या काही हातांनी भोई बांधवांबरोबर जाळं धरलं.

शिरूरचा मित्र म्हणाला, "पण धरण झालं नसतं तर सोलापूरला प्यायला पाणी कुठलं? ऊस कुठला? तुझ्याच भावाचा ऊस याच पाण्यावर आहे ना?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

चौथा मित्र शांतपणे म्हणाला, "धरण नको होतं असं आमच्या घरात कुणीच म्हणत नाही. एका दुष्काळात पाणी खूप खाली गेलं, तेव्हा आईला घेऊन गेलो होतो. चिखलाला भेगा पडलेल्या. ती कुणाला न विचारता सरळ चालत गेली आणि एका दगडाजवळ थांबली. आमच्या घराची पायरी. दिवस मावळेपर्यंत त्यावर बसली. काही बोलली नाही. मी उभाच. मला त्या जागेचं काहीच आठवत नव्हतं, कारण मी जन्मलो तो नव्या गावात. आता तिचे गुडघे चालत नाहीत. ती गेली की ती पायरी कुठली, हे सांगणारं आमच्यात कुणी नाही."

शिरूरच्या मित्राने पुढे वाद घातला नाही. त्याने फक्त विचारलं, "हे तू वर्गात सांगतोस का?" तो म्हणाला, "पुस्तकात धरणाचे फायदे आहेत, तेच शिकवतो. माझी पोरं त्या पाण्याला समुद्र म्हणतात."

शिक्षक मित्रांनो, पालकहो, मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. धरणाचे फायदे शिकवायलाच हवेत, ते खरे आहेत. पण त्याच धड्याशेजारी गाव सोडलेल्यांची गोष्टही बसायला हवी. १९८० साली जो वीस वर्षांचा होता, तो आज पासष्टीच्या पुढे आहे. ज्यांनी गावातला पार, विहीर, शाळा डोळ्यांनी पाहिली, ती माणसं अजून आपल्यात आहेत. पण फार वर्षं नाहीत.

म्हणून 'माझे गाव' हा निबंध देताना मुलांना आधी घरी पाठवूया. आजी-आजोबांना तीन गोष्टी विचारायला सांगूया: जुन्या घराच्या दारासमोर काय होतं? गाव सोडताना सोबत काय नेलं? तिथलं काय आणता आलं नाही? उत्तरं आजी बोलतील त्याच शब्दांत लिहून घ्यायची, शुद्धलेखन नंतर पाहू. गावाचा नकाशा आजोबांच्या सांगण्यावरून मुलांनी काढावा. ज्यांचं गाव बुडालं नाही, त्यांनाही हे प्रश्न लागू पडतात. दौंडात रेल्वेच्या नोकरीमुळे कुठून कुठून आलेली कुटुंबं आहेत, त्यांच्याही घरी एक मागे राहिलेलं गाव असतंच.

आमच्या मित्राने नव्या सत्रात हा उपक्रम घ्यायचं ठरवलं आहे. पहिली मुलाखत त्याच्या आईचीच, वर्गासमोर. ती यायला तयार झाली आहे. फक्त तिने एक अट घातली आहे, "पोरांना सांग, समुद्र म्हणायचं नाही. आमची भीमा आहे ती."