लॅब्रडॉरच्या नद्या आणि शिदोरीचा हिशेब

पेरणीच्या आधी बी, खत, मजूर आणि पावसाचा अंदाज यांचा मेळ आपल्या घराघरांत घातला जातो. चुकले तर सावकार आहे, सोसायटी आहे, शेजारी आहे. पण जिथे दोन महिने वाटेत गाव नाही, दुकान नाही, दवाखाना नाही अशा मुलखासाठी हाच मेळ घालायचा तर? कॅनडाच्या उत्तरेकडील रानातून नदीमार्गे लांबचा प्रवास करणाऱ्यांना हे करावे लागते. अशा दोन मोहिमांची हकिकत मी वाचली आणि ती वाचकांना सांगावीशी वाटली. मुलूख एक, मार्ग एकच ठरवलेला, पण एक मोहीम उपासमारीत संपली आणि दुसरीच्या पोत्यांत पीठ उरले.

मुलखाचे नाव लॅब्रडॉर. कॅनडाच्या पूर्व टोकाचा हा प्रदेश आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडासाच लहान, पण लोकवस्ती तीस हजारांच्या आत. आपल्या एखाद्या मध्यम तालुक्यातही याहून कितीतरी जास्त माणसे राहतात. खाली कठीण खडक, वर मातीचा पातळ थर, त्यावर शेवाळ आणि सूचिपर्णी झाडे. शेती जवळजवळ नाहीच. पाणी मात्र अमाप. सरोवरामागून सरोवर आणि त्यांना जोडणाऱ्या नद्या. जूनमध्ये बर्फ फुटतो, ऑक्टोबरात पुन्हा धरू लागतो. म्हणजे प्रवासाचा हंगाम जेमतेम साडेतीन-चार महिन्यांचा, आपल्या खरिपाएवढा. उशीर झाला की संपले.

प्रवासाचे साधन म्हणजे कॅनू नावाची निमुळती, हलकी डोंगी. तिथले मूळ रहिवासी ती भूर्जाच्या सालीची करीत. पुढे देवदाराच्या पातळ फळ्यांवर मेणकापड ताणून करू लागले. अठरा फुटी डोंगी एक माणूस डोक्यावर घेऊन चालू शकतो, आणि हे फार महत्त्वाचे, कारण जिथे धबधबा किंवा जोराचा खळाळ लागतो तिथे डोंगी आणि सामान काठाने वाहून न्यावे लागते. सामानाचे गाठोडे पाठीवर असते आणि त्याचा रुंद पट्टा कपाळावर घेतात.

इथे एक साधे गणित आहे, मुलांना जरूर घालावे. सामान तीन खेपांत न्यावे लागले, तर एक किलोमीटरच्या वाटेला माणूस किती चालतो? तीन वेळा भरल्या पाठीने पुढे आणि दोन वेळा रिकामा मागे, म्हणजे पाच किलोमीटर. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना दोनदा विचार. जास्त घेतले तर वाहता वाहता जीव जातो, कमी घेतले तर उपाशी मरण. सगळ्या नियोजनाचा पेच हाच.

१९०३ साली न्यूयॉर्कच्या एका मासिकाचे सहसंपादक लिओनिडास हबर्ड यांनी लॅब्रडॉरच्या आतल्या भागात जाण्याचे ठरवले. सोबत त्यांचे वकील मित्र डिलन वॉलेस आणि जॉर्ज एल्सन. एल्सन हा आईकडून क्री जमातीचा, रानात मुरलेला माणूस. पण तो जेम्स उपसागराकडचा, लॅब्रडॉर त्यालाही नवे. बेत असा होता की नॉर्थ वेस्ट रिव्हर या व्यापारी ठाण्यावरून निघायचे, ग्रँड लेक हे लांबलचक सरोवर ओलांडायचे, त्याला मिळणाऱ्या नदीने वर चढून मिशिकामाऊ सरोवर गाठायचे आणि पुढे जॉर्ज नदीने उत्तरेला उंगावा उपसागरात उतरायचे.

ठाण्यावरून निघायला १५ जुलै उजाडला. हंगामाचा पहिला वाफसा तिथेच गेला. एक डोंगी, तीन माणसे आणि बेताचे धान्य. बाकी भिस्त मासे आणि शिकारीवर. पण मासे धरायचे जाळे धड नव्हते. मिळाले ते जुने, कुजलेले. रायफली होत्या, पाखरे मारायची छऱ्यांची बंदूक मात्र नव्हती.

खरा घात नकाशाने केला. सरकारी नकाशात ग्रँड लेकला वरून मिळणारी एकच नदी दाखवली होती आणि तीही ऐकीव माहितीवर. प्रत्यक्षात तिथे अनेक नद्या मिळतात. खरी वाट नॅस्कोपी नदीची. तिचे मुख एका बाजूच्या खाडीत, सहज नजरेत न येणारे. हबर्ड यांची डोंगी ते ओलांडून सरळ पुढे गेली आणि सरोवराच्या टोकाला मिळणाऱ्या सुसान नावाच्या ओढ्यात शिरली. नदी मोठी आहे, बरेच मैल नाव चालते, असे ठाण्यावर सांगितले गेले होते. इथे तर पहिल्या दिवसापासून डोंगी दगडांवरून ओढावी लागत होती. तरीही माघारी फिरून दुसरे मुख शोधावे असे कुणाच्या मनाने घेतले नाही. कागदावर एकच नदी होती ना!

हे वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले. खात्यात नवा असताना जमिनीच्या तक्त्याच्या भरवशावर मी एका शेतकऱ्याला मोसंबी लावायला सांगितले होते. तक्त्यात ती पट्टी खोल काळ्या मातीची होती. त्याचे म्हातारे वडील म्हणाले, "साहेब, या पट्टीत खाली चुनखड हाय. इथं मोसंबी टिकायची न्हाई." मी त्यांना कागद दाखवला. फावडे घेऊन दोन हात खड्डा खणून पाहिला नाही. तिसऱ्या वर्षी बाग पिवळी पडली. त्या म्हाताऱ्यांनी मला कधी एका शब्दानेही टोचले नाही, पण मी त्या रस्त्याने बरेच दिवस गेलो नाही. म्हणून हबर्ड यांना शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला नाही.

काळ्या बारीक माश्यांचे थवे अंगाचे लचके तोडत होते. खेपांवर खेपा करत ते तिघे पुढे रेटत राहिले. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका टेकडीवरून मिशिकामाऊ दिसले, पण वाऱ्याने डोंगी पाण्यात घालू दिली नाही. १५ सप्टेंबरला त्यांनी परत फिरायचे ठरवले. तोवर पीठ संपत आले होते, जाळे फाटले होते आणि थंडी पडू लागली होती. परतीच्या वाटेवर त्यांनी पूर्वी मारलेल्या कॅरिबूची, म्हणजे तिकडच्या सांबरासारख्या हरणाची, टाकून दिलेली हाडे आणि कातडे शोधून उकळून खाल्ले.

१८ ऑक्टोबरला हबर्ड यांना चालवेना. जाताना वाटेत टाकून दिलेले थोडे पीठ खाली कुठेतरी होते. ते आणायला वॉलेस आणि मदत आणायला एल्सन असे दोघे निघाले. हबर्ड यांनी तंबूत पडल्या पडल्या त्या दिवशीची डायरी लिहिली. ती शेवटची. वॉलेस बुरशी धरलेले पीठ घेऊन परतले, पण बर्फाच्या वादळात त्यांना तंबू सापडला नाही, जवळून जाऊनही नाही. एल्सन धडपडत ग्रँड लेककाठच्या शिकाऱ्यांच्या घरी पोहोचला, म्हणून वॉलेस वाचले.

दुसरी मोहीम हबर्ड यांच्या पत्नीची. माइनाबाई ओंटारियोतल्या शेतकरी कुटुंबातल्या, शिक्षणाने परिचारिका. पतीचे राहिलेले काम पुरे करायचे म्हणून त्या १९०५ च्या २७ जूनला त्याच ठाण्यावरून निघाल्या. त्याच वेळी वॉलेसही वेगळी तुकडी घेऊन निघाले होते. दोघांत बोलणे उरले नव्हते. वॉलेस यांच्या पुस्तकामुळे पतीची बदनामी झाली असे बाईंचे मत होते.

बाईंनी पहिली गोष्ट केली ती माणसांची निवड. एल्सन प्रमुख. त्याच्यासोबत जोब चॅपीस आणि जोसेफ इझरहॉफ हे पाण्यात वाढलेले दोघे, आणि गिल्बर्ट ब्लेक हा ग्रँड लेकचाच तरुण. १९०३ मध्ये वॉलेस यांना शोधायला गेलेल्यांत हा पोरगा होता. म्हणजे या वेळी नदीचे मुख दाखवणारा माणूस डोंगीतच बसला होता.

आता शिदोरी पाहा. दोन डोंग्या, प्रत्येकी १९ फुटी. ३९२ पौंड पीठ, म्हणजे सुमारे १७८ किलो. २०० पौंड खारवलेले मांस. शिवाय तांदूळ, मक्याचे पीठ, साखर, चहा आणि दोन जाळी. हे पीठ पाच माणसांना दोन महिन्यांवर वाटले तर माणशी रोज अर्धा किलोच्या वर पडते. आपल्या हिशेबाने पाच भाकरींचे. तिकडे त्याची तव्यात जाड रोटी करतात, तिला बॅनक म्हणतात. शिकार मिळाली तर ती वरकड धरायची, शिकारीवर घर चालवायचे नाही. दोन मोहिमांतला मोठा फरक मला इथे दिसतो. घरात वर्षाचे जोंधळे भरून ठेवणारी बाई आणि बाजाराच्या दिवशी काही तरी मिळेलच म्हणणारा गडी!

तरी चुका झाल्याच. सुरुवातीलाच एक डोंगी खळाळात उलटली. माणसे वाचली, पण मोहिमेच्या सगळ्या कुऱ्हाडी त्याच डोंगीत होत्या, त्या बुडाल्या. एका जातीची सगळी हत्यारे एका गाडीत भरू नयेत हे आपला कुठलाही बलुतेदार सांगेल. धान्य मात्र मेणकापडाच्या पिशव्यांत असल्यामुळे बचावले.

खळाळातून डोंगी नेणे ही मोठी विद्या. पाण्यावर दोन धारा मिळून कोन होतो. त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेने असेल तर ती बहुधा मोकळी वाट. टोक वरच्या अंगाला असेल तर खाली दगड दडला आहे असे समजावे. जोब हा पाणी वाचण्यात पटाईत होता. त्याने नाही म्हटले की डोंगी काठाला.

ऑगस्टच्या सुरुवातीला मिशिकामाऊ आले, मग पाणलोटाचा उंचवटा ओलांडून जॉर्ज नदी. वाटेत कॅरिबूंचे मोठे कळप स्थलांतर करताना दिसले. मग इनू लोकांची एक पाले लागली. पुरुष व्यापाराला गेलेले, बायका-पोरे होती. त्यांनी सांगितले, समुद्र इथून दोन महिन्यांच्या वाटेवर. बाईंचा धीर खचला. पुढे जावे की फिरावे? हंगाम संपत आलेला. तीन दिवसांनी दुसरी पाले लागली. ते लोक म्हणाले, भराभर गेलात तर पाच रात्री झोपावे लागेल. २७ ऑगस्टला सगळे उंगावाच्या ठाण्यावर पोहोचले. ५७६ मैल, म्हणजे सव्वानऊशे किलोमीटर, ६१ दिवसांत. पिठाचे शंभरावर पौंड शिल्लक. वॉलेस ऑक्टोबरच्या मध्यास आले. बाईंनी आखलेला नकाशा अमेरिकेच्या भूगोल संस्थेने मान्य केला.

आज कुणी हा प्रवास करायचा म्हटला तर चांगले नकाशे आहेत, पाण्यावर उतरणारे विमान आहे, उपग्रहावरून चालणारा फोन आहे. पण मिशिकामाऊ नाही. चर्चिल फॉल्सच्या वीजप्रकल्पासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पठारावर स्मॉलवुड जलाशय भरला, त्यात ते सरोवर बुडाले. हा जलाशय साडेसहा हजार चौरस किलोमीटरचा, आपल्या पैठणच्या नाथसागराच्या पंधरा पटींहून मोठा. इनू लोकांच्या शिकारीच्या जागा आणि पूर्वजांची थडगी त्याखाली गेली. त्यांना कुणी विचारले नव्हते. कोयना-उजनीच्या काठच्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको. नॅस्कोपीचे वरचे पाणीही तिकडे वळवले गेले. म्हणून बाईंच्या डायरीत जिथे डोंगी चालल्याचे लिहिले आहे तिथे आता किती पाणी असेल, हे जाणाऱ्याने ग्रँड लेकच्या माणसांना विचारूनच निघावे.