बिनतारी उंदीर

सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांनीं बाळपणीं ऐकली असेल. शाळेंतील मुलें चिडवितात म्हणून तो बिचारा रोज एकेक शेपटी कापवून घेतो; आणि शेवटीं एकहि शेपटी उरत नाहीं, तेव्हां बिनशेपटीचा म्हणून मुलें त्यास चिडवितातच! संगणकाच्या माऊसचीहि गत कांहींशी अशीच झाली आहे. १९६४ सालीं अमेरिकेंत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं पहिला माऊस घडविला, तो लांकडी होता. आणि अंगांतून शेपटीसारखी तार निघे म्हणून त्यास उंदराचें नांव मिळालें असें सांगतात. पुढें ती तार लोकांस अडचणीची वाटूं लागली व माऊस बिनतारी झाला. तार गेल्यानें एक कटकट मिटली. पण दुसरी कशी उपजते, आणि तिच्यापायीं आम्हीं एका निरपराध हातावर कसा आळ घेतला, तें येथें सांगावयाचें आहे.

आमचे आजोबा चाळीस वर्षें एका छापखान्यांत खिळे जुळवीत होते. केसच्या कोणत्या घरांत कोणतें अक्षर आहे हें त्यांच्या बोटांस पाठ असे. निवृत्त झाल्यावर घरच्या डेस्कटॉप संगणकावर ते त्या छापखान्याच्या आठवणी लिहूं लागले. एकदां माऊसच्या तारेंत अडकून चहाचा कप लवंडला, म्हणून त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशीं आम्हीं साठविलेल्या पैशांतून त्यांस बिनतारी माऊस आणून दिला. कांहीं महिने तो उत्तम चालला. दिवाळीनंतर मात्र पडद्यावरील बाण अडखळूं लागला. मध्येंच थांबे, मध्येंच उडी मारी. एका ओळीवर न्यावा तों भलत्याच ओळीवर जाऊन बसे. एके दिवशीं त्या गडबडींत लिहिलेलें अर्धें पान पुसलें गेलें. आजोबांनीं हात मांडीवर ठेवला व ते म्हणाले, "हात कांपायला लागला रे. आतां हें माझ्याच्यानें व्हायचें नाहीं."

आमची चूक झाली ती येथें. वय झालें म्हणजे असें व्हावयाचेंच, असें आम्ही सहज बोलून गेलों. त्यांनीं सांगावें व आम्हीं लिहून घ्यावें, अशी उदार सूचनाहि केली. आजोबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं संगणकावर एक धुतलेला पंचा पसरला, आणि पुढें पंधरा दिवस ते त्या खोलींत फिरकले नाहींत.

आमचें काम एरवीं फोनवरच भागे. परंतु एका संध्याकाळीं शाळेचा निबंध लिहावयास आम्ही पंचा दूर करून तेथें बसलों, आणि पाहतों तों बाण आमच्या हाताखालींहि तसाच उड्या मारूं लागला! आमचा हात कांहीं कांपत नव्हता. खाली मानेनें आम्हीं आजोबांस ही वार्ता सांगितली. घाईघाईनें सारेंच एकदम उलटेंपालटें करण्याचा आमचा बेत त्यांनीं तेथेंच थांबविला. "प्रुफांत एक चूक निघाली म्हणून सगळी गॅली मोडायची नसते," ते म्हणाले. "एका वेळीं एकच खिळा बदलायचा, आणि पुन्हां प्रूफ काढायचें." त्यांनीं वही उघडली व आम्हीं कामास आरंभ केला.

प्रथम बॅटरी. टोंकें नीट पाहून नवी बसविली, स्प्रिंगवरील पांढरट थर कोरड्या फडक्यानें पुसला. फरक नाहीं. मग माऊसची बैठक. माऊसच्या पोटांत एक बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचीं चित्रें सेकंदांत हजाराहून अधिक वेळां टिपतो, व दोन चित्रांतील फरकावरून आपण किती सरकलों तें ताडतो. गुळगुळीत कांचेवर त्यास खूणच सांपडत नाहीं. आमच्या टेबलावर कांच होती. तिच्यावर जाड कागद घातला, भिंगावर अडकलेला केस काढला. किंचित सुधारणा झाली, पण उड्या कायम राहिल्या.

नंतर आजोबांनीं खणांतून जुना तारेचा माऊस काढून जोडला व स्वतः फिरविला. बाण ओळीवरून सरळ गेला, सरळ परत आला. खोटें कां बोला, त्यांचा हात किंचित कांपत होता. पण बाण कांपत नव्हता. आजोबांनीं क्षणभर आपला पंजा पुढें धरून पाहिला व वहींत लिहिलें : "हात : दोष नाहीं." बिनतारी माऊस शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला लावून पाहिला, तर तेथें तोहि बिनचूक चालला. आतां संशय उरला तो आमचा संगणक व माऊस यांच्यामधील हवेचा.

माऊसचा निरोप ज्या रेडिओ लहरींनीं जातो, त्यांचीं कंपनें सेकंदास सुमारें २४० कोटि असतात. त्याचा नखाएवढा रिसीव्हर आम्हीं सीपीयूच्या पाठीमागें, लोखंडी पेटीच्या आड, एका निळ्या खांचेंत बसविला होता. आणि त्यास खेटून दुसऱ्या निळ्या खांचेंत होती घरांतील जुन्या फोटोंसाठीं दिवाळींत आणलेली हार्ड डिस्क. "दिवाळींत!" आजोबा दोनदां म्हणाले. डिस्क काढली, बाण सरळ झाला. लावून फोटोंची नक्कल सुरू केली, उड्या परत आल्या. तीन वेळां करून पाहिलें, तिन्ही वेळां तेंच. अशा निळ्या खांचा बहुधा यूएसबी ३.० जातीच्या असतात. त्यांतून सेकंदास ५०० कोटि बिट धांवूं शकतात, आणि त्या धांवपळीचा गोंगाट माऊसच्याच लहरींच्या पट्ट्यांत पसरून त्याचा क्षीण आवाज बुडवून टाकतो. इंटेल कंपनीनें २०१२ सालींच एका लेखांत हें दाखवून दिलें आहे.

उपाय अगदीं साधा निघाला. मीटरभर लांबीची एक्स्टेन्शन केबल आणून रिसीव्हर टेबलावर माऊससमोर ठेवला, व डिस्क दुसऱ्या बाजूस हलविली. "म्हणजे उंदराला शेपटी परत आलीच म्हणायची!" असें म्हणून आजोबा पुष्कळ दिवसांनीं मोकळेपणानें हंसले.

आमच्या वाचकांपैकीं कोणाचा माऊस असा रुसला, तर त्यांनीं बॅटरी, बैठक, दुसरा माऊस, दुसरा संगणक व रिसीव्हरची जागा या क्रमानें, एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. पण आम्हांस याहून मोठा धडा मिळाला तो निराळा. बॅटरीवर दोष ठेवण्यापूर्वीं ती बदलून पाहावी लागते. म्हाताऱ्या माणसावर दोष ठेवतांना मात्र आम्हांस कांहींच तपासावेंसें वाटलें नाहीं, आणि त्यांनींहि तो मुकाट्यानें स्वीकारला. पुसलें गेलेलें तें अर्धें पान आजोबांनीं त्याच रात्रीं पुन्हां लिहून काढलें. तो पंचा आतां दोरीवर वाळत असतो.