गोरिलांचा शेजार

बालमित्रांनो, आफ्रिकेच्या नकाशात युगांडा देश शोधा बरं! त्याच्या नैर्ऋत्य टोकाला बविंडीचं घनदाट जंगल आहे. इथे डोंगरी गोरिला राहतात. साऱ्या जगात ते उरलेत जेमतेम हजारभर!

जंगलाला लागूनच माणसांची शेतं. गोरिला शेतात शिरतात, केळी मोडून आतला गाभा खातात. पण गावचे स्वयंसेवक त्यांना न दुखवता जंगलात परत पाठवतात. गोरिला पाहायला पर्यटक येतात, त्यातून गावाला चार पैसे मिळतात ना!

मात्र हा शेजार फार नाजूक आहे. आपली साधी सर्दीही गोरिलाच्या जिवावर बेतू शकते. २०२० साली करोना आला. पर्यटक थांबले, कमाई आटली. काही जण चोरून शिकारीला जाऊ लागले. त्याच वर्षी जूनमध्ये एका शिकाऱ्याच्या भाल्यानं 'रफीकी' हा गोरिला मेला. स्वाहिली भाषेत रफीकी म्हणजे मित्र!

करोनानंतर नियम कडक झाले. तोंडाला मास्क आणि गोरिलापासून सातऐवजी दहा मीटर अंतर. शाळेच्या पटांगणात दहा मीटर मोजून पाहा. कधीकधी तेवढं दूर राहणं हीच खरी मैत्री असते.