भाताची होडी

चि. सायली,


केरळातल्या आलप्पुळाचे आमचे फोटो पाहून तू विचारलंस, एवढ्या थोरल्या होडीला एकही खिळा कसा दिसत नाही? या होडीला केट्टुवळ्ळम म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्या केट्टुवळ्ळमला तो नसतोच. फणसाच्याच कुळातल्या अंजिलीच्या फळ्या घ्यायच्या, कडेने भोकं पाडायची, सांध्यात काथ्या ठासायचा आणि काथ्याच्याच दोरीने त्या शिवून काढायच्या. वरून काजूपासून काढलेली काळी राळ. दोरी जीर्ण झाली की शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची.

आम्ही होडीत जिथे गाद्यांवर झोपलो, तिथे पूर्वी भात भरलेला असे. इथल्या कुट्टनाड भागातलं भात अशाच होड्यांतून कोचीला जाई. मोठ्या होडीत तीसेक टन माल मावे आणि माणसं ती लांब बांबूंनी रेटत नेत. हे भात पिकतं समुद्रसपाटीच्याही खाली, काही ठिकाणी दोन मीटर खोल. तू हॉलंडात राहतेस, तुला याचं नवल कमी वाटेल. इथे मात्र मजुरांनी पाण्यात बुड्या मारून तळाचा चिखल वर काढला, त्याचे बांध घातले आणि पंप येण्याआधी पायांनी चक्रं फिरवून रात्रंदिवस आतलं पाणी उपसलं. 'चेम्मीन' कादंबरीवाले तकळी शिवशंकर पिळ्ळै याच भागातले. या मजुरांच्या जगण्यावरही त्यांनी कादंबरी लिहिली आहे. होडीची गोष्ट सांगताना ही माणसं गाळली, तर ती गोष्ट अर्धीच राहते असं मला वाटतं.

पुढे रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले. होड्या रिकाम्या पडल्या. १९९०च्या दशकात त्यांवर खोल्या चढवून पर्यटकांना फिरवणं सुरू झालं. त्यामुळे शिवणारे कारागीर टिकले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आता इंजिनं आणि एसी आले. वेंबनाड सरोवराच्या पाण्यावर डिझेलचा तवंग दिसतो आणि त्याच पाण्यात काठावरच्या बायका भांडी घासतात. ते बघवत नाही.

म्हणून तू येशील तेव्हा बांबूने चालणारी छोटी होडी घे. ती अरुंद कालव्यांतही शिरते. शिवाय आलप्पुळाहून कोट्टायमला सरकारी बोट जाते, नोकरदार आणि शाळकरी मुलं बसतात ती. तिच्यातून बांधापलीकडे खाली पाहिलंस की शेतं दिसतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमलं तर कापणीही बघायला मिळेल. तारखा लवकर कळव, मीही पुन्हा येते.

तुझी,
आत्या