पुढचा ब्रेक

सायकल शिकवताना आपल्याकडे पहिली ताकीद मिळते ती अशी : "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील!" ताकीद देणारा वडीलधारा माणूस स्वतः कधीतरी आपटलेला असतो, त्यामुळे त्याच्या आवाजात अधिकार असतो. मुरमाच्या रस्त्यावर, वाळूवर, पावसाळ्यातल्या चिखलात ती ताकीद खरीही आहे. पण पुढे तेच पोर मोटारसायकलवर बसते, तरी त्याच्या उजव्या हाताची बोटे त्या लिव्हरपासून फटकूनच राहतात आणि सारा भरवसा उजव्या पायावर. आमच्या कोल्हापुरात वीस-वीस वर्षे गाडी चालवणारी अशी माणसे आहेत, की मागचे लायनर झिजून संपतात आणि पुढचे, गाडी विकायला निघते तेव्हा, जवळजवळ नवे असतात.

वास्तविक प्रकार उलटा आहे. गाडीचा वेग कमी होऊ लागला की सगळे वजन पुढे झुकते. एस.टी.त उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक लावला की आपण पुढच्या माणसाच्या पाठीवर जातो, तसेच. मागचे चाक हलके होते. फारच जोर लावला तर ते जमीन सोडते. ज्या चाकावर भार नाही त्याला रस्त्याची पकड नाही, आणि पकड नाही तिथे ब्रेक लावणे म्हणजे घसरगुंडी. त्यामुळे वेगात असताना थांबण्याचे बहुतेक सगळे काम पुढच्या एकट्या चाकाला करावे लागते.

बी. ए. भाग ३ ला मराठी घेऊन बसलेला मुलगा हे कशाला सांगतो आहे, असे वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. दुपारी कॉलेज सुटले की मी उद्यमनगरात एका गॅरेजवर काम करतो. मालकांना आम्ही सगळे वस्ताद म्हणतो. तिथेच एक अपघातात मोडलेली आर.सी. ३९० भंगाराच्या भावात मिळाली. वर्षभर रविवार घालवून ती उभी केली. ३७३ सी.सी.चे एकच सिलिंडर, पुढे वाकलेले हँडल, पुढच्या चाकाला ३०० मिलिमीटरची डिस्क आणि तिच्यावर चार पिस्टनचा कॅलिपर. गाडी चाकणची आणि ब्रेक ज्या इटालियन घराण्याचे त्यांचा कारखानाही चाकणलाच, म्हणजे सगळी वरात घरचीच.

ही गाडी हायवेवर पळवायची नाही, अशी आईची शपथ होती. शपथ नसती तरी मी पळवली नसती. हायवेवर बैलगाडी असते, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर असतो, शाळा सुटलेली मुले असतात. वेगाची हौस फेडायची तर त्यासाठी बांधलेली जागा पाहिजे. अशी एक जागा चेन्नईच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टईला आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० पासून चालू आहे. एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची. गंमत अशी, की आमच्या गावाजवळून जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गच पुढे बंगळूर, वेल्लोर करीत थेट तिकडे जातो. म्हणजे 'सरळ जा, कुणाला विचारू नका' असे सांगण्यासारखा पत्ता. फक्त अंतर नऊशे किलोमीटरांच्या आसपास!

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही तिघांनी एका पिकअपमध्ये गाड्या बांधून तिथे नेल्या. तो ट्रॅक कसा आहे, पहिल्या फेरीला छाती कशी धडधडते, हे सगळे लिहायचा मोह होतो. पण ते राहू दे. सहा-सात फेऱ्या झाल्या आणि सरळ भाग संपताना ब्रेक दाबला, तर लिव्हर नेहमीपेक्षा बोटभर आत आली. पुढच्या वळणाला आणखी थोडी. गाडी थांबत होती, पण हाताखाली काहीतरी मऊ मऊ लागत होते, शिळ्या भाकरीवर बोट दाबावे तसे नव्हे, तर ताज्या पावावर दाबावे तसे. मी वेग कमी केला, हात वर करून बाहेर आलो. गाडी थंड झाल्यावर लिव्हर पुन्हा जवळजवळ पूर्वीसारखी. ए.बी.एस. होतेच; पण ते चाक जाम होऊ देत नाही एवढेच. उष्णतेपुढे त्याचे काही चालत नाही.

किती उष्णता? गाडी आणि मी मिळून सुमारे २४० किलो. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. तिथून वेग निम्मा करायचा. वेग निम्मा होतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे असल्यामुळे तीन चतुर्थांश ऊर्जा काढून टाकावी लागते. हिशेब केला तर तो १४४ किलोज्यूल येतो. कलाशाखेच्या भाषेत सांगायचे तर अर्धा लिटर साधे पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता, आणि तीही दोन-अडीच सेकंदांत. त्यातली बहुतेक त्या एका पातळ तबकडीत आणि तिला चिकटलेल्या दोन पॅडमध्ये शिरते. घरी स्टोव्हवर चहाला आधण यायला किती वेळ लागतो ते आठवा, आणि हे एका फेरीत तीन-चार वेळा, फेरीमागून फेरी.

परत आल्यावर मित्रमंडळींचे सल्ले सुरू झाले. मोठा कॅलिपर बसव, रेसिंगचा मास्टर सिलिंडर घाल, डिस्क मोठी कर. सोनेरी रंगाच्या सुट्या भागांचे फोटो मोबाइलवर फिरू लागले. किमती तीस हजारांच्या पुढे. वस्तादांनी सगळे ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि विचारले, "ऑइल कवा बदललंयस?"

ब्रेकचे ऑइल हे नाव चुकीचेच. ते तेल नव्हे. ग्लायकॉलच्या जातीचा तो द्रव हवेतले पाणी शोषून घेतो. बाटलीचे बूच उघडे ठेवले तरी शोषतो, आणि गाडीत वर्ष-दोन वर्षांत शोषतोच. 'डॉट ४' दर्जाच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत खाली आला तरी नियमात बसतो. 'डॉट ५.१' ला हेच आकडे २६० आणि १८०. कॅलिपर तापला, द्रव उकळला, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे आपण लिव्हर दाबतो ती चाकाला थांबवण्यासाठी नव्हे, तर बुडबुडे चेपण्यासाठी! नवा द्रव काही शे रुपयांत येतो. सोनेरी कॅलिपरमध्येसुद्धा जुना द्रव उकळतोच, हे फोटो पाठवणाऱ्यांना कुणी सांगावे?

त्यानंतर पॅड. आधीच्या मालकाने स्वस्तातले ऑरगॅनिक पॅड बसवलेले होते. गावात फिरायला उत्तम, थंडीत लगेच पकडतात, डिस्क खात नाहीत. पण तापले की त्यांचा जोर ओसरतो. त्यांच्या जागी धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले सिंटर्ड पॅड घेतले. त्यांच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरे असतात, पहिले थंड असतानाच्या घर्षणाचे, दुसरे तापल्यानंतरचे. माझ्यावर 'एच-एच' होते. म्हणजे दोन्ही वेळी घर्षणांक ०.५५ च्या वर. आतबाहेर एकच वृत्ती, ही गोष्ट माणसांतही दुर्मीळ!

तिसरी गोष्ट नळ्या. कंपनीच्या रबरी नळ्या जोराच्या दाबाखाली किंचित फुगतात, आणि बोटांनी लावलेल्या जोरातला काही भाग तिथेच खर्ची पडतो. टेफ्लॉनच्या नळीवर पोलादी तारांची वीण घातलेल्या नळ्या फुगत नाहीत. ए.बी.एस.मुळे पुढे एक नव्हे दोन नळ्या, एक मास्टर सिलिंडरपासून ए.बी.एस.च्या डब्यापर्यंत आणि दुसरी तिथून कॅलिपरपर्यंत. सांध्याला तांब्याचे वॉशर नवेच घ्यायचे, जुने उलटे करून बसवायचे नाहीत, ही वस्तादांची तंबी. मोठ्या मास्टर सिलिंडरला मात्र त्यांनी साफ नकार दिला. लिव्हरकडचा पिस्टन मोठा केला की लिव्हर दगडासारखी घट्ट लागते आणि माणूस खूश होतो. पण तेवढ्याच थांबण्याला बोटांचा जोर जास्त लागतो. पास्कलचा नियम उद्यमनगरातही तोच.

नव्या नळ्या बसवल्या, की आतली हवा काढणे हे किचकट काम. ते मी घरी अंगणात करीत होतो. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचे दुसरे टोक बाटलीत. लिव्हर दाबून धरायची, निपल सैल करायचे, बुडबुडे निघतात, निपल आवळायचे, मग लिव्हर सोडायची. हा क्रम चुकला की हवा पुन्हा आत. एकट्याला दोन हात पुरत नाहीत. आबा ओसरीवर बसून पाहात होते. त्यांनी माझ्या या नादाला कधी नको म्हटले नव्हते, पण हो असेही म्हटले नव्हते. ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "मी धरतो लिव्हर. तू खाली बघ."

आबांनी तीस वर्षे ट्रक चालवला. 'दाब', 'धर', 'सोड' एवढ्या तीन शब्दांवर आमचे काम अर्धा तास चालले. काळपट द्रव संपून स्वच्छ पिवळसर येऊ लागला. मध्येच त्यांनी विचारले, "हे उकळतं व्हय रं?"

मी उकळण्याचे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग लिव्हर तशीच धरून बोलू लागले. १९९८ साली, गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात, साखरेची पोती भरलेला ट्रक उतरवताना त्यांचे ब्रेक तापले. "पाय दाबतोय, पाय खाली जातोय, आन् गाडी काय ऐकंना. गिअर बी पडंना." दरीकडे जाण्यापेक्षा त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासली. गाडी थांबली. क्लीनरचा पाय मात्र केबिनमध्ये सापडला.

"कोण क्लीनर?" मी विचारले.

त्यांनी नाव सांगितले. दर दिवाळीला आबा ज्यांच्या गावी फराळाचा डबा घेऊन जातात, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो आणि जे जन्मतःच लंगडत असावेत असे मी समजत होतो, ते हे काका. आमचे नाते रक्ताचे नाही हेही मला त्या दिवशी कळले. आईने जेवायला हाक मारली, तरी आम्ही दोघे तिथेच.

"आता सांग," आबा म्हणाले, "ट्रकात काय झालं व्हतं?"

मी सांगितले. ड्रमचा ब्रेक तापला की ड्रम फुगतो तो बाहेरच्या बाजूला, म्हणजे लायनरपासून दूर. त्यामुळे पाय आणखी आणखी खाली न्यावा लागतो, आणि तापलेल्या लायनरची पकडही गेलेली असते. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडकडेच येते. शिवाय ती उघड्यावर असते, वारा लागतो. १९६९ साली होंडाने सी.बी. ७५० ला पुढे डिस्क दिली, त्याला हेही कारण. आबांनी हे सगळे परीक्षकासारखे ऐकले. मग म्हणाले, "म्हंजे पाय खाली जाणार, हे ठरल्यालंच व्हतं." इतकेच. पंचवीस वर्षे ते स्वतःशी काय म्हणत आले होते, ते मी विचारले नाही. त्यांनी लिव्हर सुतळीने मुठीला बांधून ठेवली. रात्रभर तशी राहिली की उरलेसुरले बुडबुडे वर चढतात, हे त्यांना ठाऊक होते.

नवे पॅड बसवले की लगेच जीव तोडून दाबायचे नसतात. साठ-सत्तरच्या वेगावरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा हळूहळू जोर वाढवीत ब्रेक लावायचा, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. हे मी पहाटे एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर केले. आबा कडेला उभे.

इथे भाषेविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत आपण ब्रेक 'मारतो'. शब्दच असा, की हाताला वाईट सवय लागावी. लिव्हर एकदम मारली तर वजन पुढे यायच्या आत टायरवर जोर येतो आणि चाक घसरू पाहते. तीच लिव्हर लिंबू पिळावे तशी पिळत नेली, तर आधी पुढचे फोर्क दबतात, टायर जमिनीवर दाबला जातो, त्याची पकड वाढते, आणि मग वाटेल तेवढा जोर सोसतो. शेवटी गाडीला थांबवतो तो टायर; ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. चांगले ब्रेक बसवल्यावर फोर्क किती मऊ आहेत तेही लगेच कळले. त्यातले तेल बदलायचे पुढच्या पगारावर ढकलले आहे.

फेब्रुवारीत पुन्हा इरुंगाट्टुकोट्टईला गेलो, तेव्हा पिकअपमध्ये आबा होते. कोणी 'चला' म्हटले नव्हते. पिशवी घेऊन येऊन बसले. ट्रॅकवर पंधरा मिनिटांची पाळी. उन्हाने डांबर तापलेले. मी फेऱ्या मोजल्या नाहीत, लिव्हर कुठे लागते तेवढेच पाहिले. सरळ भागाच्या टोकाला दोन बोटे, पिळत, पिळत, सोडत वळणात. पहिल्या फेरीला जिथे लागली तिथेच शेवटच्या फेरीला.

आत आलो, हेल्मेट काढायच्या आधीच आबा पुढच्या चाकापाशी बसले होते. डिस्कजवळ हात नेला, धग पाहिली, चटकन मागे घेतला. मग उठून त्यांनी स्वतः लिव्हर दाबली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा दाबून तशीच बराच वेळ धरून ठेवली, आत जाते का ते पाहात. ती गेली नाही.

"पुढची पाळी कवा हाय?" त्यांनी विचारले.

"चाळीस मिनिटांनी."

"मग तवर गार हू दे," असे म्हणून ते चहा कुठे मिळतो ते बघायला गेले.