अण्णांचा घोटा आणि माझा कोनमापक

माझी नोकरी मोजण्याची आहे. रांजणगाव एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. पार्ट फिक्श्चरमध्ये बसवायचा, सीएमएम मशीनचा प्रोब टेकवायचा आणि मायक्रॉनमध्ये सांगायचं, ओके की रिजेक्ट. फ्लॅट शिरूरला, हप्ते चालू, आणि शनिवारी रात्री बाइकवरून दौंडला घरी. न्हावरा, चौफुला, पाटस, दौंड. उसाचे ट्रॅक्टर चुकवायची कला आली की रस्ता तसा सोपा आहे.

अण्णा रेल्वेत होते. नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायला लागायचं, त्या काळातले. आयुष्य खडीवर चालण्यात गेलं. 1998 च्या पावसाळ्यात स्कूटर घसरली, उजवा घोटा मोडला. प्लास्टर, सुट्टी, परत ड्युटी. विषय संपला असं आम्हाला वाटलं. घोट्याला मात्र वाटलं नव्हतं. रिटायर झाल्यावर तो दुखायला लागला आणि 2022 पर्यंत अण्णा भाजी आणायलाही रिक्षा करायला लागले.

गुडघा झिजतो तो बहुधा वयानं. घोट्याचं तसं नसतं. तिथली झीज बहुतेकदा जुन्या मोडीतून येते, वीस-पंचवीस वर्षांनी. हे मला तेव्हा कळलं. तोवर घोट्याचाही सांधा बदलतात हेच माहीत नव्हतं. गुडघ्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, प्रत्येक सोसायटीत एक तरी काकू असतेच.

आधी गावातल्याच एका सेंटरला एक्स-रे काढला. टेबलावर झोपवून. घरी येऊन मी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली आणि भाचीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावला. नडगीच्या हाडाची सरळ रेघ, खालच्या टॅलस हाडाच्या माथ्याची आडवी रेघ. दोघींत काटकोन हवा होता, सहा अंश कमी भरले. म्हटलं, सहाच? टेन्शन नाही बॉस.

पुण्याच्या डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि शांतपणे बाजूला ठेवली. "हे उभं राहून काढून आणा."

मला राग आला. पुन्हा खर्च, पुन्हा अण्णांचं ते जिना चढणं. पण त्यांनी कारण सांगितल्यावर क्वालिटीवाला गप्प झाला. झोपलेल्या माणसाच्या घोट्यावर वजनच नसतं, त्यामुळे कूर्चा झिजलेली असली तरी दोन हाडांमधली फट उघडी दिसते. उभं राहिलं की ती मिटते आणि हाड खरं कुठं कलतं ते कळतं. म्हणजे आमच्याच भाषेत, पार्ट फिक्श्चरमध्ये न बसवता माप घेतलं होतं. इथं फिक्श्चर म्हणजे अण्णांचं स्वतःचं वजन!

उभ्या एक्स-रेत माझं माप आलं बारा अंश. डॉक्टरांच्या हाताखालच्या ज्युनिअर डॉक्टरचं चौदा. डॉक्टरांचं पंधरा. त्या रात्री सीडी लॅपटॉपला लावून मी पुन्हा मोजलं, तर माझंच चौदा आलं. आमच्याकडे एकच पार्ट तिघांनी मोजून माप किती बदलतं ते बघतात, त्याला गेज आरअँडआर म्हणतात. एवढा फरक पडला तर मॅनेजर आधी गेजच बदलायला सांगेल. इथं गेज म्हणजे माणसाचा डोळा. पूर्वी कलणं दहा अंशांपलीकडे गेलं की पुष्कळ सर्जन सांधा बदलायला नको म्हणायचे. आता हाताखालून बरेच पाय गेलेले सर्जन त्याच्या पुढेही जातात, पण वाकडेपणा त्याच ऑपरेशनमध्ये काढावा लागतो. सहा आणि पंधरा यांच्यामध्ये अख्खा निर्णय बसला होता.

बाजूनं काढलेल्या एक्स-रेत आणखी एक भानगड. टॅलस पुढे सरकलं होतं. किती मिलिमीटर, मी विचारलं. डॉक्टर हसले. एक्स-रेत सावली मोठी पडते, आणि पाय फिल्मपासून किती लांब त्यावर ती बदलते. म्हणून मिलिमीटर सोडायचे, गुणोत्तर घ्यायचं. नडगीची मधली रेघ खाली ओढायची आणि ती टॅलसच्या लांबीला कुठं छेदते ते बघायचं. त्यातही पाऊल जरा आत-बाहेर वळलं तरी आकडा हलतो. इतकं सगळं कशासाठी? तर वर-खाली दोन धातूचे भाग, मध्ये प्लास्टिकची चकती. वजन मधोमध पडलं तर ठीक. कडेवर पडलं तर चकती एका बाजूनं झिजते, धातू सैल होतो.

पर्याय होताच: हाडं एकमेकांना जोडून सांधा कायमचा बंद करायचा. दुखणं जातं, सपाट रस्त्यावर माणूस चांगला चालतो, पण शेजारच्या सांध्यांवर भार येतो. 1970 च्या दशकातले घोट्याचे सांधे इतके बिघडले होते की बरेच सर्जन या जुन्या उपायाकडे परत वळले. नंतर नव्या रचनेचे सांधे आले. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या. पळणं, उड्या मारणं विसरा. आणि कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, हेही तोंडावर सांगितलं.

मी वहीत दोन रकाने पाडले. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "खडीवर चालता येईल का?"

"हळू चालाल, पण चालाल."

"मग बदला."

त्यांना सिद्धटेकची मोठी प्रदक्षिणा करायची होती, टेकडीला वळसा घालून. लहानपणी ते आम्हाला भीमेतून होडीनं पलीकडे न्यायचे. आता पूल आहे. पूल झाला आणि पाय गेला, असं आई म्हणायची.

2023 च्या जानेवारीत ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या टेबलावर काढलेल्या चित्रात धातूची वरची पट्टी मला सरळ दिसली, पण मी बोललो नाही. तोवर स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास थोडा उडाला होता. सहा आठवडे अण्णा घरात चिडचिड करत बसले. मग वॉकर, मग काठी. पुढे सरकलेलं हाड बऱ्याचदा पुढच्या काही महिन्यांत आपोआप मागे येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. प्रत्येक फॉलोअपला मी ती एक रेघ ओढायचो. हाड येत होतं, हळूहळू.

वर्षाचा एक्स-रे उभ्यानंच काढला. पट्टीचा कोन माझ्या मते 89, ज्युनिअर डॉक्टरच्या मते 91. आम्ही दोघं स्क्रीनवर डोकं घालून वाद घालत होतो.

"दोघांच्या मधे नव्वद," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "उठा आता. गाडी चुकेल."

गेल्या माघात आम्ही सिद्धटेकला गेलो. अण्णा काठी घेऊन पुढे, मी मागे. वाटेवर खडी होतीच. मी सारखा त्यांच्या टाचेकडे बघत होतो, आत वळतेय की बाहेर.

"समोर बघून चाल," ते मागे न वळताच म्हणाले. "ठेच लागेल."