तारेतला उजेड कुठे सांडत होता?

दुधाची वही तुमच्याही घरात असेलच. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि महिनाअखेरची बेरीज. आमच्या वहीत २०२४ च्या एप्रिलपासून एक जादा रकाना आला. त्याच्या डोक्यावर मी लिहिले होते, 'नेट गेले'. त्या रकान्याची हकिकत आज तुम्हाला सांगते. कारण हे दुखणे आता गावोगाव झाले आहे आणि त्यावर जो तो कंपनीला शिव्या देऊन मोकळा होतो. आम्हीही चार महिने तेच केले.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, बारामती-इंदापूर रस्त्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, म्हणून चोहोकडे ऊस. धाकटा मुलगा आणि सूनबाई दोघेही पुण्यात नोकरीला होते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नातीला घेऊन आले, ते राहिलेच. मुलाने पुढे शेती अंगावर घेतली. सूनबाईची पुण्याची नोकरी मात्र घरातूनच चालते. सकाळी चहा झाला की ती आतल्या खोलीत संगणक उघडून बसते. खोटे कशाला बोलू, सुरुवातीला मला ते काही काम वाटत नसे. पण ठिबकचा हप्ता तिच्या पगारातून जाऊ लागला तेव्हा माझे डोळे उघडले.

फेब्रुवारीत नेट तुटायला लागले. ती साहेबांशी बोलत असायची आणि मध्येच पडद्यावरचे चेहरे थिजायचे. ती पळत बाहेर यायची, मोबाइल घेऊन जिना चढायची, कारण आमच्याकडे टॉवरची रेंज गच्चीवरच मिळते. उन्हाच्या कारात डोक्यावर पदर घेऊन ती तिथे उभी असायची. शेवटी कंपनीने कळवले की जूनअखेर लाइन सुधारा, नाहीतर पुण्यात येऊन काम करा. तिने मला सांगितले नाही. पण एक दिवस कपाट आवरताना साड्यांच्या घडीखाली पुण्यातल्या एका शाळेचा प्रवेशाचा कागद मला दिसला. त्यावर नातीचे नाव होते. मी घडी होती तशी ठेवली आणि काही बोलले नाही.

तक्रारी आम्ही थोड्या केल्या नाहीत. लाइनवाला यायचा, डबा बंद करून चालू करायचा, नेट यायचे, तो जायचा. पाणी येत नाही म्हणून पाटकऱ्याला बोलवावे आणि तो बांधावर आला की नेमके पाणी यावे, तसला प्रकार. तो म्हणे, "आज्जी, आमच्याकडून काही नाही." आणि आम्ही म्हणायचो, तुमच्याकडूनच आहे.

आता हे नेट येते कसे, ते आपल्या भाषेत सांगते. काचेची एक तार, केसाएवढी बारीक, तिच्यातून उजेड येतो. डोळ्यांना न दिसणारा उजेड असतो तो. कालव्याचा फाटा, फाट्याची चारी, चारीतून शेताचे दार, तशीच हिची व्यवस्था. मोठी तार गावापर्यंत येते, खांबावरच्या डब्यात तिचे फाटे पडतात आणि एकेक फाटा घरोघर जातो. एका तारेवर बत्तीस, कधी चौसष्ट घरे असतात. घरात भिंतीवर जो डबा असतो तो त्या उजेडाचे नेट करतो आणि हवेतून मोबाइलला देतो. पाणी आले नाही तर आपण काय करतो? एकदम कालव्यावर जात नाही. आधी आपली सरी, मग आपले दार, मग चारी, असे उलटे चालत जातो. नेटचे आम्ही नेमके हेच केले नव्हते.

ही अक्कल मला आली ती मोटारीवरून. विहिरीवरची मोटार बंद पडली की आमचे हे आधी स्टार्टर पाहतात, मग केबल, मग पाण्यात उतरतात. एके रात्री मी म्हटले, "मोटारीला एवढं बघता, मग त्या डब्याला का नाही बघत?" हे म्हणाले, "त्यात बघायला आहे काय? दिवे तर आहेत नुसते." तर वाचकहो, ते दिवेच बघायचे असतात.

आमच्या डब्यावर चार-पाच दिवे आहेत. एक विजेचा. एक हिरवा, त्याखाली पॉन असे इंग्रजीत लिहिलेले. तो स्थिर असला म्हणजे उजेड नीट येतो आहे. आणि एक लॉस म्हणून, तो एरवी विझलेला असतो. तो तांबडा लुकलुकू लागला म्हणजे उजेड घरापर्यंत पोचत नाही. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक लागू लागले, तर दुखणे विजेचे. हिरवा स्थिर आहे आणि तरी मोबाइलवर नेट नाही, तर दुखणे बहुधा घरातच, हवेतले. क्वचित पार पलीकडचे. सूनबाईने हे मला एका दुपारी समजावले आणि मी वहीत रकाना आखला: तारीख, वेळ, कोणता दिवा, आणि वीज-वारा-पाऊस. गोठ्यातून येता-जाता मी डब्याकडे बघू लागले. नात शाळेतून आली की तीही पहारा करी.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण इथे पुष्कळ जण फसतात. नेट मंद होणे वेगळे आणि तुटणे वेगळे. रात्री आठ-नऊला सगळ्या गावाचे मोबाइल चालू असतात, तेव्हा ते मंद होते. त्याला इलाज आपल्या हातात फारसा नाही. आम्ही दोन्ही तक्रारी एकत्र करून सांगत होतो, म्हणून लाइनवाल्यालाही उमगत नव्हते.

पहिली उलटी पायरी म्हणजे घर. डबा आम्ही लोखंडी कपाटाच्या वर ठेवला होता, हात पोचू नये म्हणून. लोखंड त्या लहरी अडवते, आणि आमच्या जुन्या घराच्या दगडी भिंती दीड हात जाड. सूनबाईने डब्यातून संगणकाला थेट वायर जोडली. खोलीतली कुरकुर तेवढ्याने गेली. मग डबाही मधल्या खोलीत माणसाच्या उंचीवर घेतला. पण तुटणे काही थांबले नाही.

पंधरा दिवसांनी वही उघडून बसलो. एक मेळ लगेच दिसला. एका आठवड्यात नेट सकाळी एका ठरावीक वेळेला जाई, पुढच्या आठवड्यात रात्री. दिवे सगळे विझून पुन्हा लागलेले. मुलगा बघून हसायलाच लागला. आमच्याकडे तेव्हा शेतीची थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीने येई, कधी दिवसा, कधी रात्री. वस्तीवरची घरे त्याच लाइनवर. थ्री फेज येताना वीज क्षणभर जाते. ती आली की डीपीवरच्या झाडून सगळ्या मोटारी ऑटोवर एकदम उठतात. हे सगळे डोळ्याचे पाते लवेपर्यंत होते. पंखा गरगरतच राहतो, संगणकाला स्वतःची बॅटरी असते, म्हणून वीज गेल्याचे कुणाच्या ध्यानातच येत नाही. डबा मात्र बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला तीन-चार मिनिटे घेतो. साहेबांना वाटते, बाई उठून गेली.

बारामतीला भिगवण चौकाच्या बाजूला एका दुकानातून मुलाने डब्यासाठीची छोटी बॅटरी आणली. दीड हजाराच्या आतबाहेर पडली. घेताना एवढेच बघा की आपल्या डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहे. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. आमचे बारा व्होल्ट होते. जुना अडॅप्टर गरम होऊन अशक्त झालेला असला तरी असेच होते, तोही एकदा बदलून बघावा. त्या दिवसापासून पाळीच्या वेळचे तुटणे बंद झाले. घरात शिरा झाला.

शिरा लवकर झाला. मे महिन्याच्या मध्याला वहीत नवे टिपण सुरू झाले. दुपारी दोन ते पाच, तांबडा दिवा. सकाळी नाही, रात्री नाही. पुढच्या रकान्यात मी सवयीने लिहीत होते, 'वारा'. आमच्याकडे पावसाआधी दुपारचा वारा कसा सुटतो हे तुम्हाला ठाऊक आहे, कडबा उडतो. तो शब्द सलग नऊ दिवस एकाखाली एक आला, तेव्हा मी वही घेऊन ह्यांच्याकडे गेले.

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग चप्पल घालून बाहेर गेले आणि लिंबाखाली उभे राहिले. गोष्ट अशी होती की जानेवारीत उसाची ट्रॉली जाताना वरची वायर शेंड्यांना अडकून खाली आली होती. लाइनवाल्याने तोडलेली जोडून दिली, पण ती लोंबत होती. पुढच्या ट्रॉलीला लागू नये म्हणून ह्यांनी ती वर ओढून लिंबाच्या फांदीला बायंडिंग तारेने करकचून बांधली, दोन वेढे देऊन. मोटारीची केबल बांधतात तशी. फांदी हलली की गाठ आणखी आवळायची.

काचेतला उजेड बाहेर का पडत नाही, याचे कारण नातीने मला सांगितले. तो कडेला आपटून आतच परततो. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५० नंतरच्या वर्षांत इंग्लंडात काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवले. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी सांगितले की काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड कितीतरी लांब जाईल. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. पण तारेला तीव्र वाक दिला की उजेड तिथेच सांडतो, चारीचा बांध फुटावा तसा. तार तुटलेली नसते, दिसायला धड असते.

या वेळी तक्रार देताना मुलाने वहीचे पान फोटो काढून पाठवले. दुसरा लाइनवाला आला, हातात उजेड मोजायचे यंत्र घेऊन. आकडा उण्यात येतो. शून्याकडे जितका जवळ तितका उजेड जास्त. तीनाने आकडा घसरला की उजेड निम्मा झाला असे समजायचे. आमच्याकडे वारा नव्हता तेव्हा उणे २६, आणि फांदी हलवली की उणे ३० च्या पलीकडे. उणे २७ च्या खाली गेले की डबा धाप टाकतो, असे तो म्हणाला. गाठ सोडली, तेवढा तुकडा बदलून यंत्राने नवा सांधा दिला, आकडा उणे २१ वर आला. मी विचारले, "हे यंत्र आधी का नाही आणलं?" तो म्हणाला, "कुणी सांगितलंच नाही आज्जी, नुसतं नेट जातंय म्हणतात." त्याचेही पटले आणि आमचेही चुकले नव्हते असे नाही.

दोन सूचना मात्र ऐका. ही तार तुटली तर विजेच्या वायरसारखी सोलून पिळे देऊन टेप मारू नका. काच काचेला वितळवूनच जोडावी लागते. आणि तिच्या उघड्या टोकात डोळा घालून बघू नका, पोरांना तर मुळीच बघू देऊ नका. उजेड दिसत नाही, पण असतो.

त्या रात्री हे जेवायला उशिरा बसले. सूनबाई वाढत होती. हे ताटाकडे बघत म्हणाले, "माझ्यामुळं तुला उन्हात उभं राहावं लागलं." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ती ट्रॉलीपासून वाचवायलाच बांधली होती." एवढेच बोलणे झाले.

२०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत ही काचेची तार न्यायचे ठरवले, २०१५ पासून त्या योजनेला भारतनेट म्हणतात. सातबारा डिजिटल सहीचा झाला २०१८ मध्ये, पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करू लागलो २०२१ पासून. सगळे तारेवर आले, पण पंचायतीपासून वस्तीपर्यंतचा तुकडा अजून लिंबाच्या आणि बाभळीच्या भरवशावर आहे. आमच्याकडे आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पाइप रोवून वायर ट्रॉलीच्या वर घेतली आहे, सैल, मोठ्या गोल वळणाने. तरी कारखाना सुरू झाला की मी पहिल्या ट्रॉलीला दारात उभी असते.

सूनबाईच्या कंपनीने ती मुदत रद्द केली नाही, वर्षावर ढकलली. यंदाही ढकलली. शाळेचा कागद अजून साड्यांच्या घडीखालीच आहे. परवा कपाट आवरताना पाहिला. वहीतला रकाना मीही पुसलेला नाही. या महिन्यात त्यात दोनच नोंदी आहेत, दोन्ही पावसाच्या.